आमच्या टीमचा सुवर्ण मोसम

२ ऑगस्ट, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कारण साधं आहे. शनिवारी फुटबॉल लीग सुरू होतेय आणि या वर्षी आपली टीम चॅम्पियन होणार आहे. पुढे लोक विचारतील, हे सगळं घडलं कसं? तेव्हा लेखी पुरावा हवा. समर्थक मंडळाचा अध्यक्ष या नात्याने ही जबाबदारी माझ्यावरच येते. (सहा वर्षं बिनविरोध अध्यक्ष. दुसरं कोणी उभंच राहत नाही. एवढा विश्वास!)

गेल्या वर्षी सोळा टीममध्ये आपण अकरावे आलो. पण पोलला लागून परत आलेले तीन बॉल धरले, न मिळालेल्या दोन पेनल्टी धरल्या आणि एक विशिष्ट रेफ्री वगळला, तर आपण चौथे होतो. म्हणजे यंदा फार काही करायचं नाहीच आहे.

संकल्प:
१. रेफ्रीवर ओरडायचं नाही. अध्यक्षाला शोभत नाही.
२. कोचला दर आठवड्याला एक मार्गदर्शनपर पत्र.
३. नोकरीवर परिणाम होऊ द्यायचा नाही. बस डेपोत अठरा वर्षं टाइमटेबल सेक्शन सांभाळतोय. शहरातली प्रत्येक बस आधी माझ्या तक्त्यावर धावते, मग रस्त्यावर. एकशे बारा बस ज्याने ताळ्यावर ठेवल्या त्याला अकरा माणसं काय जड?

(बस वेळेवर येत नाहीत, ती ड्रायव्हर लोकांची चूक.)

४ ऑगस्ट, संध्याकाळी

बायकोने जेवायच्या आधीच बातमी दिली. सासरे गेल्यापासून सासूबाई एकट्याच राहतात, आता त्या आपल्याकडे येणार. मी मोठ्या मनाने म्हणालो, येऊ देत की, घर त्यांचंच आहे. मग ही म्हणाली, शनिवारी चारच्या गाडीने येतायत, स्टेशनवर जा.

शनिवारी! साडेतीनला किकऑफ!

मी शांतपणे समजावलं की गाड्या रोज असतात, पहिली मॅच वर्षातून एकदाच असते. ही म्हणाली, आईसुद्धा एकच आहे. वाद वाढवला नाही. काहीतरी नियोजन करीन. तो माझा धंदाच आहे.

७ ऑगस्ट, रात्री ८

०-३. स्कोअर फसवा आहे. पहिली ऐंशी मिनिटं आपण मॅचमध्ये होतो. (तिन्ही गोल त्याच ऐंशी मिनिटांत झाले हे खरं, पण मी खेळाच्या दर्जाबद्दल बोलतोय.)

सासूबाईंना आणायला पावणेसहाला पोचलो. प्लॅटफॉर्मवर ट्रंकेवर बसून कुठल्यातरी कापडाला हातशिलाई करत होत्या. मी ट्रॅफिकचं सांगायला सुरुवात केली. त्यांनी माझ्या गळ्यातल्या टीमच्या हिरव्या मफलरकडे पाहिलं आणि विचारलं, "किती झाले?" मी म्हणालो, शून्य-तीन. तर म्हणाल्या, "मग एवढा वेळ कशाला थांबलात, जावईबापू?"

बायको बोलत नाहीये. उद्यापर्यंत निवळेल.

१० ऑगस्ट

निवळलं नाही. त्या शांततेत कोचला पहिलं पत्र लिहिलं. सात पानं, पाठपोट. मुख्य मुद्दा: पाच फॉरवर्ड खेळवा. सोबत रंगीत पेनने आकृत्या. ज्या माणसाला नऊ नंबरच्या बसचा तक्ता जमतो, त्याला आकृती काढताना पट्टी लागत नाही.

२१ ऑगस्ट

१-१! मार्गदर्शनाचा परिणाम दिसू लागला. मी लिहिलं होतं, हल्ला डावीकडून करा. गोल उजवीकडून झाला. म्हणजे कोचने माझा सल्ला गुप्त ठेवलाय. हुशार माणूस.

गोल प्रतिस्पर्ध्याच्याच डिफेंडरने चुकून मारला, ही बाब वेगळी.

४ सप्टेंबर

आज क्रांतिकारक पाऊल. स्टेडियमवर गर्दी नसते, कारण बस नसते. म्हणून शनिवारच्या टाइमटेबलात बारीकसा बदल करून पावणेतीन ते सव्वातीनच्या दरम्यान पाच बस स्टेडियमच्या गेटवर आणल्या. हॉस्पिटलच्या रूटवरून घेतल्या. तिथे काय, माणसं झोपूनच असतात.

मी स्वतः गेटवर उभा राहून मोजलं. पाच बसमधून अकरा माणसं उतरली. त्यातल्या चौघांनी मला विचारलं, ओपीडी कुठे आहे?

०-२.

६ सप्टेंबर

डेपो मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. शनिवारी दुपारच्या पाळीच्या बावीस नर्सेस तासभर स्टॉपवर ताटकळल्या, सकाळच्या पाळीच्या तेवढ्याच आत अडकल्या. साहेबांची वहिनी त्यातलीच एक. माझं दुर्दैव, दुसरं काय!

मेमो मिळाला. "लोकहितार्थ प्रयोग" असं लेखी उत्तर दिलं. साहेब म्हणाले, पुढचा प्रयोग केलात तर लोकहितार्थ तुमची बदली वर्कशॉपला, टायर मोजायला.

जुनं टाइमटेबल पुन्हा लागू. दूरदृष्टीच्या माणसाला सरकारी नोकरीत कोणी समजून घेत नाही.

२५ सप्टेंबर

चौदावा नंबर. ध्येयात किंचित सुधारणा: चॅम्पियन होणं म्हणजेच सर्वस्व नव्हे. पहिल्या चारात येणं जास्त टिकाऊ यश असतं.

आपल्या सेंटर फॉरवर्डला मी "तोफ" हे नाव दिलंय. अजून एकही गोल नाही. तोफ आधी तापावी लागते.

९ ऑक्टोबर

संकट. बायको ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, तिला आता दर शनिवारी दुपारची ड्युटी. सासूबाईंच्या गुडघ्याचा भरवसा नाही, म्हणून त्यांना एकटं ठेवायचं नाही. ही म्हणाली, "घेऊन जा मॅचला." मी म्हणालो, त्या कंटाळतील. सासूबाई आतून म्हणाल्या, "मी तीस वर्षं ब्लाउज शिवलेत. मला कंटाळा ठाऊक नाही."

घेऊन गेलो. मंडळाचे सगळे बघत होते. आमचा खजिनदार, म्हणजे सलूनवाला, उठून त्यांना जागा देऊ लागला. अध्यक्षाला आजवर कोणी जागा दिलेली नाही.

हाफ टाइमला त्यांना शेंगदाणे मांडून ऑफसाइड समजावलं. हा डिफेंडर, हा फॉरवर्ड, ही कल्पित रेषा. त्या म्हणाल्या, "म्हणजे बॉल यायच्या आधी पुढे जाऊन बसायचं नाही." मी म्हणालो, तसं ढोबळमानाने म्हणता येईल, पण विषय खोल आहे. मग त्यांनी डिफेंडर खाल्ला.

०-१. नंतर म्हणाल्या, "तो तीन नंबरचा पोरगा उजवा पाय टेकवत नाहीये." मी हसून सांगितलं की त्याला टेक्निक म्हणतात.

११ ऑक्टोबर

पेपरात आलंय: लेफ्ट बॅकचा उजवा घोटा सुजला, पाच आठवडे बाहेर. योगायोग.

१३ नोव्हेंबर

सोळावा नंबर, म्हणजे शेवटचा. लीग संपताना शेवटच्या दोन टीम खालच्या डिव्हिजनमध्ये जातात. घाबरण्याचं कारण नाही, तळाला गेल्यावर दिशा एकच उरते. नवं ध्येय: सन्माननीय मध्यम स्थान.

आज बाराव्या पत्राला उत्तर आलं! कोचच्या स्वतःच्या अक्षरात. "आपली पत्रं मिळतात. कृपया कागदाच्या एकाच बाजूला लिहावे."

माणूस किती बारकाईने वाचत असेल! पाठपोट मजकुरामुळे आकृत्या नीट दिसत नसणार. पत्र फ्रेम करायला टाकलं. बायको म्हणाली, कुठे लावणार? मी म्हणालो, हॉलमध्ये. तर म्हणे, हॉलमध्ये आईचं शिलाई मशीन येतंय.

२७ नोव्हेंबर

०-४. गोलकीपरला मी "भिंत" हे नाव दिलंय. आज चारही बॉल भिंतीच्या डोक्यावरून गेले.

मॅच संपल्यावर लाजिरवाणा प्रसंग. भिंत मान खाली घालून जाळीजवळून जात होती, तर सासूबाईंनी हाक मारली, "ए बाळा, इकडे ये. हात वर कर." सहा फुटांचा पोरगा निमूट आला आणि हात वर केले. पूर्ण वर गेलेच नाहीत! कानापाशी अडकले. सासूबाईंनी जाळीतून बोटं घालून जर्सी चाचपली. "हे कोणी शिवलं? काखेत कापडच नाही. हात वर गेला की सगळा सदरा वर ओढतो. उद्या घेऊन ये माझ्याकडे."

मी भिंतीला सांगितलं, आमच्या सासूबाईंकडे दुर्लक्ष कर, तुझी अडचण मानसिक आहे. पत्र क्रमांक नऊमध्ये सविस्तर लिहिलंय.

२८ नोव्हेंबर, सकाळी ११

भिंत घरी आली. माझ्या खुर्चीत बसून तीन ऑम्लेट खाल्ली. सासूबाईंनी जर्सी काखेत उसवली आणि माझ्या जुन्या हिरव्या मफलरमधला चौकोनी तुकडा कापून आत शिवला. मफलर माझा! विचारलं कोणी? बायको म्हणाली, "टीमसाठी प्राण देईन म्हणता ना?"

भिंतीने हात वर केले. ट्यूबलाइटला लागले.

४ डिसेंबर

१-०!!! मोसमातला पहिला विजय!

पत्र क्रमांक चौदा, पान सहा, तिसरा परिच्छेद: "गोलकीपरने बॉल अडवावेत." शब्दशः तसंच घडलं. भिंतीने सात बॉल अडवले, पैकी तीन तर पार कोपऱ्यातले. सलूनवाला येऊन सासूबाईंच्या पाया पडायला लागला. मी शेजारीच उभा होतो. मला वाटलं, नंतर माझ्याकडे वळेल. तेवढ्यात गर्दी झाली.

११ जानेवारी

टीम तेराव्या नंबरवर. (माझं भाकीत खरं ठरतंय.) आता दर मंगळवारी सासूबाई क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये कपडे दुरुस्त करायला जातात. सोडायला मी. क्लबचा वॉचमन त्यांना सलाम करतो आणि मला म्हणतो, तुम्ही बाहेरच थांबा. मी ओळख दिली, अध्यक्ष, समर्थक मंडळ. तो म्हणाला, "अच्छा, ते पत्रवाले!" आतपर्यंत कीर्ती पोचलीय.

परत येताना सासूबाईंना खोदून विचारलं, कोच माझ्या आकृत्यांवर काय म्हणाला? जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "कागद चांगला आहे म्हणाला. जाड." आणखी विचारलं तेव्हा कळलं की माझ्या पत्रांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर धोब्याला दिलेल्या कपड्यांची यादी लिहितात.

म्हणजे पत्र दर आठवड्याला कोचच्या डोळ्यांसमोर असतं. हा मुद्दा कोणी लक्षात घेत नाही.

१८ जानेवारी

सासूबाईंनी आज तोफेचे बूट पाहिले. एक नंबर मोठे निघाले. क्लबने सगळ्यांचे एकदम मागवले, त्यात अदलाबदल झाली आणि पोरगा संकोचापायी बोलला नाही. पाच महिने दोन-दोन मोजे घालून खेळत होता. "बॉल एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि बूट तिसरीकडे," सासूबाई म्हणाल्या. बूट बदलून दिले.

मी तोफेवर अठरा पानं लिहिली होती. शीर्षक: "आत्मविश्वासाचा अभाव: एक चिंतन."

२२ जानेवारी

तोफेचे दोन गोल. शेवटी तापली.

१२ फेब्रुवारी

संकल्प क्रमांक एक आजवर पाळला होता. आजही पाळला. मी रेफ्रीवर ओरडलो नाही, लाइन्समनवर ओरडलो. त्या भरात हातातली पाण्याची बाटली निसटली आणि योगायोगाने त्याच्याच दिशेने गेली. सुरक्षा रक्षकांनी दंड धरून उठवलं. मी म्हणालो, "चला सासूबाई, निषेध म्हणून आपण दोघंही बाहेर पडू." त्यांनी मैदानावरची नजर हलवली नाही. "तुम्ही व्हा पुढे. कॉर्नर आहे."

कॉर्नरवर गोल झाला. मी गेटबाहेर भेळवाल्यासारखा उभा. आवाज ऐकून कळलं.

चार मॅचची बंदी.

२६ फेब्रुवारी

स्टेडियमसमोर रंगाच्या दुकानाची गच्ची आहे, तिथून मॅच पाहिली. दुकानदाराने डबे हलवायच्या बोलीवर वर सोडलं. गच्चीवरून फक्त डावा कोपरा आणि अर्धा पोल दिसतो. पण उंचीवरून खेळाचा एकूण आराखडा कळतो. कोच लोकांनी असंच बघायला हवं.

०-२. दोन्ही गोल उजव्या कोपऱ्यात झाले असावेत.

शनिवारच्या ड्युटीतून बायको सुटली आणि आईच्या शेजारी माझ्या जागेवर जाऊन बसली. घरी आल्यावर दोघी ऑफसाइड ट्रॅपवर बोलत होत्या. मी एक मुद्दा मांडायला गेलो तर ही म्हणाली, "अहो, तुम्ही तर रंगाच्या दुकानात होतात." हिने मंडळाचं सभासदत्वही घेतलंय. माझ्या सहीशिवाय.

२६ मार्च

सलग पाच पराभव, मग एक बरोबरी. चौदावा नंबर. मागच्या टीमपेक्षा फक्त एक पॉइंट पुढे. ध्येय: टिकून राहणं. चॅम्पियन कोणीही होतं, टिकायला चारित्र्य लागतं.

माझी बंदी उठली. सलूनवाला भेटून म्हणाला, घाई करू नका, पूर्ण विश्रांती घ्या.

आणखी एक गोष्ट म्हणाला. मोसम संपल्यावर मंडळाची निवडणूक घेऊ, गुप्त मतदान. मी म्हणालो, कशाला, बिनविरोधाची परंपरा आहे. तो म्हणाला, लोकांचं म्हणणं पडलं. लोक म्हणजे कोण, हे सांगेना. मी उदार मनाने मान्यता दिली. मतांचा आकडा दिसला तर लोकांनाही बरं वाटेल.

१६ एप्रिल

पुढचा शनिवार, शेवटची मॅच, परगावी. एक पॉइंट मिळाला तर आपण वाचलो. हरलो तर खालची डिव्हिजन, आणि मग क्लब बंद होईल असं सगळे बोलतात. तोफ सासूबाईंना म्हणाली की टीम खाली गेली तर त्याला मामाच्या गॅरेजमध्ये काम बघावं लागेल. (तोफ "ती" की "तो" यावर व्याकरणाने एकदा काय ते ठरवावं.) सासूबाईंनी दिवसभरात मशीन एकदाही उघडलं नाही.

अशा वेळी नेतृत्व लागतं. मी मंडळासाठी खास बस ठरवली. डेपो मॅनेजर साहेबांची रीतसर परवानगी काढली. साहेब म्हणाले, "हॉस्पिटलवरून जात नाही ना?" चौतीस माणसांनी नावं दिली. मिनिटामिनिटाचं टाइमटेबल तयार केलं. सुटणार १०.०५, चहा १२.१० ते १२.२२, आगमन २.४०. किकऑफ साडेतीन.

सासूबाईंना मात्र टीमने आपल्याच बसमधून बोलावलंय. मी म्हणालो, ठीक आहे, पण वेळेवर पोचायची खात्री आमच्याकडेच.

२३ एप्रिल, रात्री ९

आधी मुख्य गोष्ट: १-१. टीम वाचली.

आता तपशील. इतिहासासाठी लिहिणं भाग आहे.

१०.०५ ला सुटलो. चहा बारा मिनिटांत आटोपला, दोघांचे कप हातातून काढून घ्यावे लागले. तिथून पुढे दोन रस्ते. ड्रायव्हर म्हणाला, हायवेने जाऊ. माझ्या तक्त्यात जुना बायपास होता, एकोणीस मिनिटांची बचत. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तिथे रेल्वे पुलाखाली लोखंडी कमान बसवलीय, बस जात नाही." मी म्हणालो, माझ्याकडे अधिकृत तक्ता आहे. तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा तक्ता दाखवला. तो म्हणाला, बरं.

कमान होती.

बस टपाने अडकली. पुढे जाईना, मागे येईना. चौघांनी सुचवलं, टायरमधली हवा काढा. हवा काढली, बस सुटली. पण बिनहवेच्या टायरवर चालणार कशी? पंप आणायला ड्रायव्हर दोन किलोमीटर चालत गेला. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. चौतीस माणसं हिरव्या मफलरमध्ये पुलाखाली उभी. साडेतीन वाजले तेव्हा सलूनवाल्याने घड्याळ पाहिलं आणि फक्त "किकऑफ" एवढंच म्हणाला. मंडळातला केमिस्ट रडत होता. पन्नाशीचा माणूस.

मी म्हणालो, आपण मनाने टीमसोबत आहोत. कोणीतरी मागून ओरडलं, "मनाने खाली बसा!"

पाच वीसला स्टेडियमवर पोचलो. लोक बाहेर पडत होते. आपली पोरं मैदानात एकमेकांना मिठ्या मारत होती आणि मध्ये खुर्चीवर सासूबाई. बायकोही होती. ती समंजसपणे रेल्वेने आली होती.

परतताना सासूबाई आमच्या बसमध्ये बसल्या. म्हणाल्या, "तुम्हाला दिसलं नाही ना, मी सांगते." आणि सांगू लागल्या. पहिल्या हाफला गोल कसा खाल्ला. सत्तराव्या मिनिटाला भिंतीच्या ग्लोव्हचा पट्टा तुटला, तेव्हा रेफ्रीने दोन मिनिटं दिली आणि त्यांनी लाइनवर बसून जाड दोऱ्याने तो कसा शिवला. "सुईत दोरा जाईना. मग कोचने ओवून दिला." पंच्याऐंशीव्या मिनिटाला घोटा बरा झालेला तो तीन नंबरचा पोरगा डावीकडून पळाला, त्याने बॉल आत टाकला आणि तोफेने मान तिरकी करून डोक्याने मारला. "मान अशी," म्हणून त्यांनी करून दाखवलं. सगळी बस उभी राहून ओरडली. बंद काचांतून बाहेरचे लोक बघायला लागले. केमिस्ट पुन्हा रडला.

मी उठून काही तांत्रिक बाबी जोडायला लागलो. सलूनवाला म्हणाला, "साहेब, बसा."

ड्रायव्हर हायवेने आला.

२४ एप्रिल, सकाळी

शांतपणे मोसमाचा आढावा. मूळ ध्येय चॅम्पियनचं, प्रत्यक्षात चौदावे. फरक तेरा क्रमांकांचा. पण सोळाव्यापासून मोजलं तर दोन क्रमांकांची झेप! तीस मॅच, एकतीस पत्रं, सहा विजय. म्हणजे साधारण पाच पत्रांना एक विजय. पुढच्या वर्षी पत्रं दुप्पट.

निवडणुकीचं भाषण लिहायला घेतलं. सलूनवाल्याने सासूबाईंचं नाव सुचवलंय. त्या नको-नको म्हणत होत्या. मीच आग्रह केला. लोकशाहीत समोर कोणीतरी हवंच, नाहीतर विजयाला शोभा नाही.

३० एप्रिल, संध्याकाळी ६

सलूनमध्ये मतदान झालं. पेटी नव्हती, टॉवेलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. एकोणचाळीस मतं. सासूबाई सदतीस. मी दोन.

दोन!

एक माझं. ते उघड आहे. पण दुसरं? म्हणजे या मंडळात एक तरी विचार करणारा माणूस आहे. केमिस्टला बाजूला घेऊन विचारलं, त्याने शपथ घेतली की तो नाही. सलूनवाल्याला विचारण्यात अर्थ नव्हता. घरी येऊन बायकोकडे सूचक नजरेने पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. मी आईला दिलं."

संशय मंडळातल्या एलआयसी एजंटवर. फार खोल माणूस. सोमवारी गाठतो. त्या एका मतावर नवी फळी उभी करता येईल.

१ मे, सकाळी ८

सासूबाई मशीनवर बसल्या होत्या. माझ्याच पँटचा पाय उसवला होता, तो शिवत होत्या. मी अभिनंदन केलं. मग सहज म्हणालो, दोन मतं पडली मला, माझं सोडून एक, कोणाचं असेल, काही कानावर आलं का?

मशीन थांबवलं. म्हणाल्या, "माझं."



"म्हटलं, मी तर निवडून येतेच आहे. तुम्हाला एकही पडलं नसतं तर चारचौघांत बरं दिसलं नसतं. सहा वर्षं केलंत सगळ्यांचं." मग चष्मा काढून विचारलं, "पण मग दुसरं कोणाचं? तुमचं मत तर तुम्ही मला दिलं असेल ना?"

मी पँटकडे पाहिलं.

"असं होय," त्या म्हणाल्या.

हसल्या असत्या तर बरं झालं असतं. हसल्या नाहीत. दोरा दातांनी तोडला, पँट झटकून घडी घातली आणि माझ्या हातात दिली.